यंत्र मंद झाले म्हणून मोडीत काढू नका



आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. संगणकाचे शास्त्र आम्ही कुठे शिकलेलो नाही. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण गेल्या वर्षी आमच्या वस्तीत घडलेला एक प्रसंग आम्हाला विसरता येत नाही.

बारावी झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांचा, चार-पाच वर्षांचा जुना. पान उघडायला पाच मिनिटे, दाखला जोडायला घेतला की सगळेच ठप्प. मुदतीला दोन दिवस उरले होते. दुकानदाराने फोन उलटापालटा करून सांगितले, "याचे आयुष्य संपले, नवीन घ्या." वडील मजुरीवर जाणारे. नव्या फोनसाठी उसने पैसे मागायला ते आमच्या दारी आले. आम्ही म्हणालो, "भाऊ, पैशाचे बघू, पण आधी फोन तर बघू द्या."

मित्रहो, बँकेत संध्याकाळी बेरीज जुळली नाही, तर कोणी नवी खातेवही विकत आणत नाही. जुन्या कारकुनांनी आम्हाला शिकवले होते की, फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल तपासा. 54 चे 45 झाले असतील. चूक आपली खूण सोडून जाते. यंत्राच्या मंदपणाचेही तसेच आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आधी निदान, मग खर्च.

पहिला प्रश्न असा की, सगळेच मंद आहे की एकच काम मंद आहे? फोनमधला कॅल्क्युलेटर आणि फोटो चटकन उघडत असतील आणि फक्त इंटरनेट रखडत असेल, तर दोष बहुधा फोनचा नसून नेटवर्कचा असतो. त्या मुलीच्या फोनवर कॅल्क्युलेटरही रडतखडत उघडत होता. म्हणजे दुखणे आतले होते.

दुसरा प्रश्न जागेचा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडले. 32 जीबीचा फोन, जागा जवळजवळ शून्य. जागा अशी भरली की फोनला नवे काही लिहून ठेवायला ठाव उरत नाही. निदान दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असा पर्याय आहे. तिथे मोठ्या फाइली वर दिसतात. एकाच लग्नाची चित्रफीत तीन गटांतून तीनदा आलेली होती. सुप्रभातच्या चित्रांची तर गणतीच नव्हती. घरच्यांना विचारून एकेक काढले.

तरीही फोन अडखळतच होता आणि मध्येच जाहिराती येत होत्या. तेव्हा 'सेफ मोड' वापरला. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बटण दाबून 'बंद करा' हा पर्याय दिसला की त्यावर बोट दाबून धरायचे. या अवस्थेत आपण बाहेरून घातलेली अॅप चालत नाहीत. फोन लगेच सुरळीत झाला. याचा अर्थ चोर बाहेरून आलेला होता. कोणीतरी 'फोन वेगवान करणारे' अॅप घालून दिले होते, तेच फोनला खात होते. ते काढले, फोन पुन्हा सुरू केला. दीड तास लागला. फोन नव्यासारखा झाला नाही, पण अर्ज त्याच रात्री भरला गेला आणि कर्ज टळले.

यानंतर मंडळाच्या अभ्यासिकेतला संगणक पाहिला. मुले सांगत, "काका, चालू करून चहा पिऊन आलो तरी तो तयार नसतो." इथे मेमरी आणि डिस्क यांतला फरक समजून घ्यावा. मेमरी म्हणजे कारकुनाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असले की प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे खेपा माराव्या लागतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. कोण किती मेमरी आणि डिस्क वापरतो, हे तिथे उघड दिसते. त्यातल्याच 'स्टार्टअप'मध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी असते. नको त्या बंद केल्या. व्हायरसपासून रक्षण करणारी मात्र ठेवली. आणखी एक गोष्ट कळली. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्याने यंत्र पूर्णपणे ताजे होत नाही. 'रीस्टार्ट' केल्याने होते.

मग वीज तोडून, मागची पेटी उघडून मऊ ब्रशने धूळ काढली. यंत्र तापले की ते स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करते. उन्हात किंवा चार्जिंगला लावून वापरलेला फोनही तेच करतो.

एवढे करूनही डिस्क 100 टक्क्यांवरच होती. तेव्हाच पैसे खर्च केले. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी 4 जीबीची 8 केली. नव्या संगणकापेक्षा खर्च पुष्कळच कमी आला. विंडोज 10 ची नेहमीची विनामूल्य देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. ज्या यंत्रावर विंडोज 11 चालत नाही, त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. अभ्यासिकेत आम्ही तेच केले.

आता आमची चूक सांगतो. स्वतःच्या फोनवर 'कॅशे साफ करा' ऐवजी 'डेटा साफ करा' दाबले. कॅशे म्हणजे तात्पुरती रद्दी; डेटा म्हणजे आपली पुंजी. दोन वर्षांचा घरखर्चाचा हिशोब क्षणात गेला. गृहिणीचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळेच. म्हणून काहीही करण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. फोन कोरा करणारे 'फॅक्टरी रीसेट' सर्वांत शेवटी. पाठीमागून फुगलेली बॅटरी मात्र घरी उघडू नये. ती जाणकाराकडेच द्यावी.

बँकेतला माणूस म्हणून एक कळकळीची विनंती. "तुमचा फोन मंद झालाय, आम्ही दुरुस्त करतो, हे अॅप घाला," असे कोणी अनोळखी फोन करून म्हणाले तर ताबडतोब फोन ठेवा. तुमचा पडदा त्याला दिसू लागला की ओटीपीही दिसतो. पैसे गेलेच तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवा आणि आपल्या बँकेलाही सांगा.

बंधू-भगिनींनो, "आपल्याला यातले काय कळते?" हे वाक्य आपल्याला फार महाग पडते. सगळेच घरी दुरुस्त होईल असे आम्ही म्हणत नाही. पण दुकानाची पायरी चढताना काय तपासून झाले, हे आपल्या वहीत लिहिलेले असले की समोरचा माणूसही नीट बोलतो. ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते आणि दर रविवारी अभ्यासिकेत बसून लोकांचे फोन तपासून देते. आपापले फोन घेऊन जरूर या. येताना एक वही आणि पेन मात्र आणा.