कार्ट्रिज आणि प्रीअँपचं जमलं पाहिजे



माळ्यावरच्या एलपी खाली काढून पुन्हा ऐकणारे अनेक रसिक आज आपल्यात आहेत. आवाज कर्कश लागला की आपण तबकडीला दोष देतो, नाहीतर महागडी कार्ट्रिज आणतो. पण बऱ्याचदा दोष दोघींचाही नसतो. कार्ट्रिज आणि प्रीअँप्लिफायर यांचंच जमलेलं नसतं.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले, तरी तो उंच जातो. याला अनुस्पंदन म्हणतात. कार्ट्रिजच्या बाबतीत ते दोन ठिकाणी होतं.

आधी वरच्या स्वरांचं पाहू. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधल्या बारीक तारेच्या वेटोळ्यांना इंडक्टन्स असतं, केबलला आणि प्रीअँपच्या इनपुटला कपॅसिटन्स. दोन्ही एकत्र आली की एका ठरावीक कंपनसंख्येला आवाज उसळतो. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई या कार्ट्रिजचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे आणि कंपनी तिच्यासाठी १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स सुचवते. २०० पिकोफॅरडला हे अनुस्पंदन १५ हजार हर्ट्झच्या आसपास असतं. लांब केबल जोडली आणि एकूण आकडा ४५० वर गेला, की ते १० हजारांवर उतरतं आणि जास्त उसळतं. मग झांजा टोचतात, गायकाचे सकार-शकार खुपतात आणि त्याहून वरचे स्वर विरून जातात. याउलट शुअरच्या जुन्या व्ही १५ टाइप थ्रीला ४०० ते ५०० पिकोफॅरड लागतात. म्हणजे एकच प्रीअँप एकीला मानवतो, दुसरीला नाही.

दुसरं अनुस्पंदन आपल्याला ऐकूच येत नाही. टोनआर्मचं वजन आणि सुईच्या आधाराची लवचीकता यांतून ते ठरतं. ते १० हर्ट्झच्या आसपास असावं. जड आर्मला फार लवचीक कार्ट्रिज लावली तर ते ५-६ हर्ट्झवर येतं, आणि वाकलेल्या तबकडीचे हेलकावे नेमके तिथेच पोचतात. १९५४ सालापासून रूढ झालेल्या आरआयएए पद्धतीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी खर्ज कमी करतात आणि प्रीअँप तो पुन्हा वाढवतो. १ हजार हर्ट्झच्या मानानं २० हर्ट्झला जवळजवळ नऊपट. त्याबरोबर हे हेलकावेही वाढतात. स्पीकरची जाळी काढून पाहा: दोन गाण्यांमधल्या शांततेतही वूफरचा पडदा संथपणे आतबाहेर होताना दिसेल. अँप्लिफायरची शक्ती त्यात फुकट जाते. सबसॉनिक फिल्टरनं हे आवरतं, पण आर्म आणि कार्ट्रिजची जोडी जुळवणं हा खरा उपाय.

म्हणून नवी कार्ट्रिज घेण्याआधी माहितीपत्रक उघडा. कंपनीनं किती पिकोफॅरड सांगितलेत ते पाहा, केबल आणि प्रीअँपची बेरीज करा, आर्मचं वजन तपासा. गरज असेल तर केबल आखूड करा. कदाचित नव्या कार्ट्रिजची गरजच उरणार नाही.