अंगावरचं दुखणं
गडचांदूरच्या तरुण मुलामुलींनो, आजचा हा भाग तुमच्यासाठी.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची! १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ‘तारुण्यभान’ शिबिरं घेतली. पाळी, प्रेम, गर्भधारणा, गुप्तरोग, सगळ्यावर मोकळं बोलणं. अशी शिबिरं प्रत्येक कॉलेजात व्हावीत, असं मला मनापासून वाटतं.

अंगावरून वास येणारं पांढरं जातंय, लघवीला जळजळ होतेय, जखम दिसतेय? सरकारी दवाखान्यात दाखवा. आजार संबंधांतून आलेला असेल, तर औषध दोघांनीही घ्यायचं. एकानंच घेतलं तर आजार पुन्हा होऊ शकतो.