एक मिनिट, बाळाच्या पोटाकडे पाहत



तलावांच्या आणि धानाच्या या भंडारा जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. येताना राईस मिलचा कोंडा डोळ्यांत गेला असेल, तर क्षमा असावी. आमच्या ओपीडीत तोच खोकला होऊन येतो.

श्वसनमार्गाचा संसर्ग हा या परिषदेचा विषय. तो म्हटला की आधी नवी औषधे आठवतात. मला मात्र मणी आठवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तयार केलेले ते साधन: ओवलेले मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. बाळाचे पोट वर-खाली होताना पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. अक्षरओळख नसलेल्या सुईणीलाही ते जमे. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. जिथे गावातच उपचार मिळाले तिथे न्यूमोनियाने दगावणारी मुले हजारी ८.१, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५.

पुढे पुष्कळ झाले. तेव्हाच्या कोट्रायमोक्साझोल या औषधाच्या जागी अमॉक्सिसिलिनची विरघळणारी गोळी आली. छाती आत ओढली जातेय, पण बाळ दूध पितेय, तर तीच गोळी घरी देता येते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये मान्य केले. ऑक्सिमीटर कोविडने घराघरांत पोचवला. न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आली. तिची देशी आवृत्ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली.

एक कबुली देतो. तरुणपणी मीही साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहीत असे, विषाणूला त्याने काही होत नाही हे ठाऊक असून. बाहेर रांग असायची, आणि सुई घेतल्याशिवाय पेशंट उठायचा नाही. समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात, चिठ्ठी लिहायला अर्धे. त्या अर्ध्या मिनिटांची किंमत आता औषधांना दाद न देणारे जंतू वसूल करताहेत. उद्याचे सत्र त्यावरच आहे, आणि तिथे मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसेन.

आजचे पहिले सत्र मात्र आम्ही प्राध्यापकांना दिलेले नाही. लाखांदूर आणि तुमसरकडच्या आशाताई श्वास मोजून दाखवणार आहेत. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. डॉक्टर मंडळींनी कृपया मागे सरकावे. चहा बाहेर मांडला आहे.