हास्याचा नित्यनेम



दि. 13 मार्च 1995 रोजी सकाळी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील उद्यानात अवघे पाच जण एकत्र येऊन हसले. त्यांना जमविणारे होते डॉ. मदन कटारिया. हास्य आणि आरोग्य या विषयावर लेख लिहीत असता, नुसते लिहिण्यापेक्षा ते आचरणात का आणू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. काही दिवसांतच मंडळींची संख्या वाढली.

प्रारंभी एकाने विनोद सांगावा, इतरांनी हसावे, अशी रीत होती. परंतु पंधरवड्यातच चांगल्या विनोदांचा साठा संपला. अचकट-विचकट आणि कोणाला तरी बोचणारे विनोद येऊ लागले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच वगळला. हेतुपूर्वक केलेल्या हास्याचाही शरीराला लाभ होतो, असे त्यांचे प्रतिपादन. आणि समोरच्याला पाहून ते ओढूनताणून आणलेले हसू लवकरच खरे होते, हा तेथील अनुभव. त्यांच्या पत्नी माधुरी योगाच्या जाणकार. त्यामुळे प्राणायामातील दीर्घ श्वासही या हास्याला जोडला गेला.

येथे श्रोत्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. कर्मसिद्धांतात हास्य हा नऊ नोकषायांपैकी एक; मग त्याचा नित्यनेम कसा? तात्त्विक निर्णय साधुभगवंतांनीच द्यावा. व्यवहारात मात्र एवढे दिसते, की ज्या हास्यातून उपहास काढून टाकला, त्याने कोणाचे मन दुखावत नाही. या मंडळांत कान पकडून, क्षमा मागत हसण्याचाही एक प्रकार आहे; क्षमापनेची परंपरा असलेल्या समाजाला तो परका वाटू नये.

गिऱ्हाईक वीस ताके उलगडायला लावून रिकाम्या हाताने गेले, तरी हसतमुख राहणारा दुकानदार घरी भाजीत मीठ कमी पडले की आठ्या घालतो! म्हणजे सवय आहेच. ती शटरबरोबर खाली ओढली जाते, इतकेच.

रोज पंधरा-वीस मिनिटे, ठरलेली वेळ आणि ठरलेली सोबत पुरे. सोबत अधिक मोलाची. उपनगरांत मुले-सुना सकाळी लोकल गाठायला निघून गेल्यावर बंद दारामागे एकटे उरणारे वृद्ध थोडे नाहीत. असा एखादा दोन दिवस उद्यानात दिसला नाही, तर चौकशीला घरी जाणारे कोणी तरी असते.

1998 च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिला जागतिक हास्यदिन झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी साजरा होतो. हर्निया, हृदयविकार अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ला घेऊनच या मंडळात उभे राहावे.