दारूचा हिशेब आणि घरची चिंता

(निडी, तालुका रोहा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवा-रोहा मार्गावरची संध्याकाळची गाडी निडीच्या स्थानकात थांबते, उतारू आपापल्या वाटेने पांगतात आणि काही घरांत बायकांचे कान बाहेरच्या पावलांकडे लागतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा नागोठण्याच्या कारखान्यातून सुटलेल्या माणसाला घरी पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्या वेळेवर अर्धा तास लोटला की चुलीवरच्या भाताकडे लक्ष राहत नाही. तासभर लोटला की मुलांना लवकर जेवू घालून निजवले जाते. पाऊल अंगणात पडले की त्याच्या आवाजावरूनच बाईला आजची रात्र कशी जाणार ते कळते. रोहा-पेण तालुक्यांतील कितीतरी स्त्रियांनी हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या धास्तीतून मिळवलेले आहे.

या धास्तीविषयी सार्वजनिक सभेत फारसे बोलले जात नाही. दारूबंदीवर ठराव होतात, दारूच्या उत्पन्नावर विधिमंडळात चर्चा झडतात, विषारी दारूने माणसे दगावली की चौकशा सुरू होतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे अशा दारूने मेली, तेव्हा चार दिवस सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु परवान्याच्या दुकानातील, सीलबंद, कर भरलेली दारू पिऊन जो माणूस दहा वर्षांत हळूहळू संपतो, त्याच्या मरणाची बातमी होत नाही. आणि ती दहा वर्षे जी त्याच्या उशाशी बसून मोजते, तिच्या चिंतेची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही. आज ती नोंद करावयाची आहे.

प्रथम प्रमाणाचा हिशेब. "रोजची एक क्वार्टर, त्यात काय एवढे?" हे उत्तर घरोघर ऐकू येते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के छापलेले असते. मद्यार्क पाण्याहून हलका असतो हे जमेस धरले, तरी एका क्वार्टरबरोबर सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क घेण्यास अतिमद्यपान मानते आणि महिन्यातून एकदा जरी ते घडले तरी त्याची गणना करते. जे महिन्यातून एकदा घडले तरी जगाने मोजावे, ते येथे रोज घडते आणि त्याला "थोडीशी" म्हणतात. याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. म्हणजे "इतकी नका घेऊ हो" असे जी बाई रोज काकुळतीने सांगते, तिची कटकट शास्त्राला धरून आहे. चुकत असेल तर तिच्या कटकटीला हसणारा चुकतो आहे.

दारू शरीरात काय करते, हेही कार्यकर्त्याला नीट सांगता आले पाहिजे. प्रथम यकृतात चरबी साठते. या अवस्थेत माणसाला काहीच जाणवत नाही; तो धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि "मला काय झाले आहे?" असे छातीठोकपणे विचारतो. येथे दारू सुटली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. ती चालू राहिली तर यकृताला सूज येते आणि पुढे त्याचे जिवंत पेशीजाल कठीण, व्रणमय होते. या शेवटच्या अवस्थेलाच सिर्‍होसिस म्हणतात. तेथून पूर्ण परतीची वाट जवळजवळ नसते, तरी दारू थांबवल्याने आयुष्य वाढते. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होणे, पाय सुजणे, रक्ताची उलटी, काळे शौच ही लक्षणे दिसू लागली म्हणजे उशीर झालेला असतो. कर्करोगाच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ पासून दारूला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि मोठे आतडे यांचे कर्करोग तिच्याशी जोडलेले आहेत. ज्या माणसाच्या खिशात तंबाखूची पुडीही असते, त्याच्या तोंडाला आणि घशाला दोन्ही विषे मिळून अधिक ग्रासतात. रक्तदाब, स्वादुपिंडाची सूज, क्षयरोगाचा वाढता धोका ही यादी वेगळीच. २०१९ या एका वर्षात दारूमुळे जगात सुमारे २६ लाख माणसे मेली, असा संघटनेचा अंदाज आहे.

इतके कळूनही तो का थांबत नाही, हा बाईचा खरा प्रश्न असतो. तिला वाटते, आपल्या मायेत काही कमी पडले; सासूला वाटते, सुनेने घर राखले नाही; शेजाऱ्यांना वाटते, माणूसच नादान. मद्यासक्ती हा आजार आहे, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे. सकाळी उठताच हात कापणे, घेतल्यावाचून चैन न पडणे, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढवत जावे लागणे, आणि नुकसान दिसत असूनही हात न आवरणे ही त्या आजाराची चिन्हे होत. आजार म्हटल्याने मारहाणीला माफी मिळत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. नवरा दारू पीत नाही अशा स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. नवरा न पिणाऱ्या घरांतही हिंसा आहे, हे या दुसऱ्या आकड्यातून दिसते. तेव्हा मारण्याचे खापर केवळ बाटलीवर फोडून पुरुषाला मोकळे सोडता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर घरखर्चाचा पैसा अडवण्यालाही हिंसा मानले आहे.

एकटी पडलेली बाई आपल्या परीने उपाय करते, आणि त्यांतले काही जिवावर बेतणारे असतात. पहिला उपाय शपथेचा. देवापुढे हात ठेवून घेतलेली शपथ चार दिवस टिकते, मोडते, आणि मग दोघांच्याही मनात अपराधाची भर पडते. दुसरा उपाय कोंडून ठेवण्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दिवशी घाम आणि थरकाप सुटतो, पुढच्या दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, प्रसंगी रुग्णालयात राहून. तिसरा उपाय सर्वांत धोक्याचा: कोणीतरी दिलेली गोळी किंवा पूड नवऱ्याच्या डाळीत नकळत मिसळणे. अशा पुड्यांत काय असते हे देणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल, तर वर दारू पोटात गेल्यावर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. हे औषध खरेच उपयोगी आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते. चौथा उपाय झाकण्याचा. "त्यांना ताप आहे," असा निरोप मुकादमाला पाठवणारी, दुकानातील उधारी गुपचूप फेडणारी बाई नवऱ्याची अब्रू राखते. पण त्याबरोबर दारूचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. या चारही उपायांत पहारेकऱ्याचे काम तिच्याकडे येते, आणि जे तिच्या हातात कधीच नव्हते त्याची जबाबदारी तिच्या शिरावर बसते.

मग तिने करावे काय? पहिली गोष्ट, बोलावे. दारुड्यांच्या बायकांना स्वतःचे दुःख एकमेकींपुढे मांडता यावे, या गरजेतूनच अमेरिकेत १९५१ मध्ये अल-अनॉन ही कुटुंबीयांची चळवळ उभी राहिली. पुण्यात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीलाही उपचारात आणि आधारात स्थान असले पाहिजे, ही दृष्टी त्या कामाने महाराष्ट्रात रुजवली. नवरा उपचाराला तयार नसला तरी बाईने मदतीची वाट पाहत थांबू नये, हा त्यातला सर्वांत मोलाचा धडा. बोलावयाचे ते तो शुद्धीवर असताना, सकाळी, थोडक्यात आणि धमकीवाचून. नशेतील माणसाशी वाद घालू नये. त्याची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. मारहाण झाली तर मुलांना घेऊन कोणाच्या घरी जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. हे दोन आकडे प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिले गेले पाहिजेत.

येथवर घराचा विचार झाला. पण दारू घरात शिरते ती कोणाच्या दाराने? या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हापासूनचा इतिहास त्याचे उत्तर देतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारी मक्त्याची पकड घट्ट केली. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, जंगलातील झाडाखाली पडलेली मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. बोलणे नीतीचे होते, डोळा महसुलावर होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. कायद्याचे नाव बराच काळ तेच राहिले, मात्र १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल होत गेली आणि परवाने वाढत गेले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असे सांगण्यात आले. किंमत वाढल्याने खप घटतो हे अर्थशास्त्राला मान्य आहे, आणि तेवढ्यापुरते हे पाऊल योग्यच. पण ज्याला सवय जडली आहे तो आधी मुलांच्या दुधात आणि बायकोच्या औषधात काटछाट करतो, हेही तितकेच खरे. सरकारच्या जमेत जो रुपया दिसतो, तो कोणाच्या तरी घरातील खर्चात आधी पडलेला असतो.

त्या जमेतून परत काय येते? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले. ३७ घरांतील उपचार बायकोच्या चिंतेवर सोपवलेले आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

स्त्रियांनी याचे उत्तर दिलेले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी श्रमिक संघटनेच्या लढ्यात दारूची मडकी फोडली. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील स्त्रियांनी अरकाची दुकाने बंद पाडण्याचे आंदोलन उभारले. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने १९९३ मध्ये जिल्हाबंदी झाली. पण आंध्रातील संपूर्ण बंदी १९९७ मध्ये उठली. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. महसुलाची ओढ आणि चोरट्या दारूचा धंदा या दोन्हींपुढे केवळ कायदा टिकत नाही. त्यामागे गाव उभे असावे लागते आणि पिणाऱ्याच्या उपचाराची सोय असावी लागते. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाने परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची वाट खुली केली. २५ टक्के मतदारांनी किंवा स्त्री-मतदारांनी सह्यांनिशी मागणी करावी आणि निम्म्याहून अधिक मते "आडव्या बाटली"ला पडावीत, अशी ती तरतूद होती. अटींचा ताजा तपशील उत्पादन शुल्क कार्यालयातून घेऊन हा हक्क वापरला पाहिजे. हातभट्टीपुढे मात्र त्याचा उपयोग नाही. तेथे ग्रामसभेची जागरूकताच हवी.

शेवटी कार्यकर्त्यांविषयी. जो कार्यकर्ता सभेत दारूविरुद्ध बोलतो आणि मतदानाच्या आदल्या रात्री बाटल्यांच्या वाटपाकडे पाठ फिरवतो, त्याला या बायका ओळखून आहेत. काही कार्यकर्त्यांच्या घरीही याच पावलांचा आवाज ऐकत कोणी बसलेली असेल. म्हणून सुरुवात आपापल्या उंबरठ्यापासून व्हावी. कामगार संघटनेने व्यसनी कामगाराला कामावरून काढण्याऐवजी उपचाराची रजा मिळावी, अशी मागणी करावी. वीटभट्टीवर उचल आणि खर्ची हातात पडताना त्यातून धान्य आधी आणि गुत्ता नंतर, याकडे लक्ष पुरवावे. रोह्यातील सरकारी दवाखान्यात ठरावीक दिवशी व्यसनमुक्तीची तपासणी व्हावी, म्हणून निवेदन द्यावे आणि पाठपुरावा करावा. आणि गावात महिन्यातून एकदा, शाळेत वा देवळाच्या ओट्यावर, या स्त्रियांनी जमावे. तेथे भाषणे नकोत, त्यांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे.

उद्याही संध्याकाळची गाडी निडीला थांबेल आणि पावले वाजतील. सगळ्या माणसांची दारू एका वर्षात सुटेल, असे वचन कोणी देऊ नये. पण दाराशी बसलेल्या बाईला मध्यरात्री कोणाचे दार वाजवायचे हे ठाऊक असेल, आणि ते दार उघडेल, एवढे तर या गावाला याच वर्षी करता येण्यासारखे आहे.