पूर्वपक्षाचे ऋण : स्वागताध्यक्षीय भाषण



भारतीय दर्शनांची ओळख सहा आस्तिक आणि तीन नास्तिक, म्हणजे वेदप्रामाण्य मानणारी व न मानणारी, अशा यादीने करून देण्याची प्रथा आहे. ती सोयीची खरी, पण ज्या परस्परवादात या दर्शनांची घडण झाली तो वादच तीतून निसटतो. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे, हा पूर्वपक्ष. मग त्याचे खंडन आणि शेवटी सिद्धान्त, ही शास्त्रग्रंथांची शिस्त होती. (प्रतिपक्षाला न्याय प्रत्येकाने दिलाच असे नव्हे, चार्वाकमत आज मुख्यतः विरोधकांच्याच ग्रंथांतून वाचावे लागते.)

सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील बौद्ध आचार्य दिङ्नागाने अनुमानातील हेतूला तीन अटी घातल्या. धुरावरून अग्नी सिद्ध करायचा, तर धूर ज्या पर्वताविषयी वाद आहे तेथे, म्हणजे पक्षात, असला पाहिजे. अग्नी असलेल्या स्वयंपाकघरासारख्या सपक्षात तो आढळला पाहिजे आणि अग्नी नसलेल्या सरोवरासारख्या विपक्षात मुळीच आढळता कामा नये. नैयायिक उद्द्योतकराने दिङ्नागावर कडक हल्ला चढवला, तर जैन आचार्य हरिभद्रांनी त्याच्याच परंपरेतील ‘न्यायप्रवेश’ या बौद्ध ग्रंथावर वृत्ती लिहिली. दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने मायदेशी परतल्यावर इ. स. ६४७ मध्ये तोच ग्रंथ चिनी भाषेत आणला आणि पुढे ही हेतुविद्या, म्हणजे तर्कशास्त्र, जपानी मठांत शिकवली जाऊ लागली.

दिङ्नागाच्या ‘प्रमाणसमुच्चया’चे मूळ संस्कृत मात्र भारतात टिकले नाही, तो ग्रंथ तिबेटी अनुवादांनी जपला. मल्लवादींनी आपल्या ‘द्वादशार नयचक्रा’त दिङ्नागाचे खंडन केले असल्यामुळे, त्या जैन ग्रंथाचे संपादन करताना मुनी जंबूविजयांनी तिबेटी भाषा आत्मसात केली आणि ‘प्रमाणसमुच्चया’तील काही भाग पुन्हा संस्कृतात उभे केले. खंडनासाठी घेतलेली अवतरणेच येथे मूळ ग्रंथाच्या उपयोगी पडली. तिबेटी भिक्षूंची वादसभा तर कर्नाटकातील मुंडगोडच्या मठांत आजही टाळीच्या कडकडाटात भरते.

म्हणून भारतीय विचाराच्या प्रभावाची चर्चा केवळ गौरवाच्या सुरात करणे अपुरे ठरते. तत्त्वज्ञान परिषदेच्या या अधिवेशनात निबंधवाचनापेक्षा चर्चेला अधिक वेळ राखून ठेवला आहे. प्रतिनिधींनी तो पुरेपूर वापरावा आणि समोरच्याचा पूर्वपक्ष त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून मगच आक्षेप घ्यावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.