चिवड्याचं खोकं आणि टपालखर्च

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरातून तुम्ही मोबाइलवर चिवड्याच्या ऑर्डरी घेता आणि पार्सलं पुण्या-कोल्हापूरकडे पाठवता, असं समजू. मग टपाल बरं की खासगी कुरिअर?

आधी पट्टी घ्या आणि खोकं मोजा. चिवडा हलका, पण जागा फार खातो. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचे सेंटिमीटर गुणून ५००० ने भागतात. म्हणजे ३० बाय २० बाय २० चं खोकं, आत किलोभरच माल असला तरी, २.४ किलोचं धरलं जातं. नफा इथेच गळतो! खोकं मालाच्या मापाचंच घ्या.

शहरातल्या गिऱ्हाइकासाठी कुरिअर सोयीचं. पार्सल बहुधा घरून उचलतात. आडगावासाठी मात्र मी टपालच सुचवेन. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयं आहेत, त्यांतली बहुतांश खेड्यांत. १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं. पावतीवरचा क्रमांक गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पार्सल कुठवर आलं ते त्यालाच पाहता येईल.